जर्मन दिवसभर की आठवड्यातून दोन तास?

लेक साडेतीन वर्षांची, घरी मराठी. नागपूरच्या धरमपेठेतून ने-आण जमेल अशा दोन वाटा आम्ही पाहिल्या.

एक, द्विभाषिक बालवाडी: एक ताई फक्त इंग्रजीत बोलते, दुसरी फक्त जर्मनमध्ये. हात धुणं, डबा, रुसवे-फुगवे, सगळं त्या-त्या भाषेत. दुसरी वाट, इंग्रजी शाळा आणि आठवड्यातून दोनदा जर्मनचा तास.

तासाला रंग, आकडे, गाणी येतात. बोलणं येत नाही. बालवाडीत मात्र भाषा कामाला लागते. 'कोम हेअर', म्हणजे इकडे ये, म्हटलं की पोरं अर्थ न विचारता धावत येतात. 'ग्र्यून', म्हणजे हिरवा, म्हणताना ओठांचा चंबू या वयात सहज होतो. शिवाय जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं: देअर ल्योफल (चमचा), दी गाबल (काटा), दास मेसर (सुरी). इंग्रजीत चमच्याला लिंगच नाही. 'तो-ती-ते' घरात ऐकणाऱ्या पोरीला ही कल्पना नवी नाही. म्हणून आजीशी मराठी सुटता कामा नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

फी दुसऱ्या वाटेची बरीच कमी. पण माझा कौल बालवाडीला, पहिलीपासूनही रोज जर्मन कानावर पडणार असेल तरच. वापर थांबला की लहान मुलं भाषा भराभर विसरतात.