दोन मीटर आणि सत्तर सेंटीमीटरसाठी घरगुती पोर्टेबल अँटेना: सळ्यांचा, पट्टीचा की यागी?

हँडहेल्ड रेडिओसंचासोबत येणारा रबरी अँटेना बाळगायला सोयीचा असला, तरी दोन मीटरच्या बँडसाठी (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या वारंवारतांसाठी) तो इतका आखडलेला असतो की संचाच्या पाच वॉटपैकी बरीच शक्ती हवेत जाण्याऐवजी वाया जाते. त्यामुळे डोंगरावर, शिबिरात किंवा आपत्कालीन सरावासाठी बाहेर पडणारा हौशी रेडिओचालक लवकरच स्वतः अँटेना बनवण्याच्या विचाराला लागतो. तेव्हा त्याच्यासमोर मुख्यतः तीन रचना येतात: पाव तरंगलांबीच्या सळ्यांचा ग्राउंड प्लेन, तीनशे ओहमच्या चपट्या पट्टीतारेचा गुंडाळता येणारा जे-पोल, आणि एका दिशेला झोत टाकणारा, हातात धरून रोखायचा यागी. तिन्ही घरी बनतात आणि तिन्हींना 'दोन्ही बँडवर चालणारा' म्हटले जाते; मात्र 'चालणे' या शब्दात प्रत्येक ठिकाणी वेगळी तडजोड दडलेली असते, आणि ती जवळजवळ नेहमी सत्तर सेंटीमीटरच्या, म्हणजे ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, बँडवर उघडी पडते.

याचे कारण साध्या गणितात आहे. १४५ मेगाहर्ट्झची तिप्पट ४३५ मेगाहर्ट्झ होते, म्हणजेच वरचा बँड खालच्याच्या तिसऱ्या हार्मोनिकवर येतो. दोन मीटरवर पाव तरंगलांबी असलेली सुमारे ४९ सेंटीमीटरची सळी वरच्या बँडवर पाऊण तरंगलांबीची ठरते आणि तिचा इंपीडन्स, म्हणजे एसी प्रवाहाला होणारा विरोध, तिथेही संचाला हव्या असलेल्या पन्नास ओहमच्या आसपास राहतो. त्यामुळे अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचा अंदाज देणारा एसडब्ल्यूआर मीटर दोन्ही बँडवर समाधानकारक आकडा दाखवतो आणि बनवणारा निर्धास्त होतो. परंतु पाऊण तरंगलांबीच्या सळीचा मुख्य झोत क्षितिजाकडे न जाता बऱ्यापैकी वर, सुमारे पंचेचाळीस अंशांच्या परिसरात कलतो. जमिनीवरच्या रिपीटरशी (ऐकलेला संदेश पुन्हा प्रसारित करणाऱ्या केंद्राशी) बोलायचे असेल, तर तिकडे गेलेली शक्ती आपल्या कामाची नसते. एसडब्ल्यूआर फक्त शक्ती परत येत नाही एवढेच सांगतो, ती कुठे गेली हे सांगत नाही. शक्ती नुसती उष्णतेत घालवणाऱ्या पन्नास ओहमच्या डमी लोडचा एसडब्ल्यूआरही उत्तम असतो.

ग्राउंड प्लेन हा तिघांत बनवायला सर्वांत सोपा आहे. पॅनलवर बसवायचा एक बीएनसी किंवा एसओ-२३९ सॉकेट, मध्यावर डाग देऊन उभी केलेली पितळी सळी आणि सॉकेटच्या कोपऱ्यांना स्क्रूने आवळलेल्या चार रेडियल (बाहेर पसरणाऱ्या) सळ्या, एवढ्यावर काम भागते. रेडियल आडव्या ठेवल्या तर इंपीडन्स ३६ ओहमच्या जवळ राहतो. त्या सुमारे ४५ अंश खाली वाकवल्या की तो पन्नासकडे सरकतो आणि वेगळ्या जुळणीची गरज उरत नाही. सळ्या आधी दोन-तीन सेंटीमीटर लांब ठेवून मग थोड्या थोड्या कापत जाणे हीच ट्यूनिंगची पद्धत, आणि मोजमापाची साधने नसलेल्या माणसालाही ती जमते.

वरच्या बँडसाठी याच सॉकेटवर सुमारे १६ सेंटीमीटरची दुसरी सळी समांतर जोडण्याची पद्धत आहे. तिच्यामुळे क्षितिजाकडचे प्रारण सुधारते, मात्र लांब सळीही तिथे रेझोनंट (त्या वारंवारतेला जुळलेली) असल्याने प्रवाहाचा वाटा घेतच राहते आणि दोष पुरता जात नाही. शिवाय एक सळी कापली की दुसरीचे ट्यूनिंग थोडे हलते. माझ्या मते इथे समांतर सळीपेक्षा बदलती सळी अधिक सरळ आहे: मध्यभागी आट्यांचा जोड करून दोन वेगवेगळ्या लांबीच्या सळ्या बाळगाव्यात आणि ज्या बँडवर बोलायचे त्याची सळी चढवावी. दोन्ही बँड एकाच वेळी ऐकण्याची सोय त्यात जाते, पण ज्याला ती खरोखर लागते असा चालक बहुधा पुढच्या दोन रचनांकडेच वळतो. ग्राउंड प्लेनचा खरा अडसर आहे तो आकाराचा. रेडियल काढता येण्याजोग्या केल्या नाहीत तर तो पिशवीत मावत नाही, आणि केल्या तर त्यांचे स्क्रू प्रवासात सैल होतात. शिवाय तो उभा करायला दांडा किंवा तिवई लागतेच.

जे-पोलचे आकर्षण नेमके याच ठिकाणी आहे. दीड मीटरहून थोडी कमी लांबीची पट्टीतार गुंडाळली की तळहाताएवढी होते, आणि एक दोरी व एक फांदी मिळाली की उभी राहते. रचनेत खाली पाव तरंगलांबीचा जुळणीचा भाग असतो आणि त्याच्यावर अर्ध्या तरंगलांबीचा प्रारक, म्हणजे लहरी सोडणारा भाग. खालचे टोक शॉर्ट केलेले असते, आणि त्याच्या काही सेंटीमीटर वर संचाकडून येणाऱ्या कोॲक्स केबलची मधली तार एका वाहकाला व जाळी दुसऱ्याला जोडली जाते. पट्टीच्या प्लॅस्टिकमुळे लहरीचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ८२ टक्के होतो, म्हणून जुळणीचा भाग हवेतल्या ५२ ऐवजी ४२ सेंटीमीटरच्या आसपास भरतो. हा गुणांक पट्टीच्या जातीनुसार बदलत असल्याने दुसऱ्याची मापे डोळे मिटून उतरवण्यात अर्थ नाही. फीडचा, म्हणजे केबल जोडण्याचा, बिंदू पाच मिलिमीटर वर-खाली सरकवला तरी एसडब्ल्यूआर स्पष्टपणे बदलतो. पक्का डाग देण्यापूर्वी तो टाचणीने टोचून तपासणे शहाणपणाचे. रेडियल नसल्यामुळे केबलच्या जाळीवरून प्रवाह खाली उतरण्याचा धोका राहतो; त्यासाठी फीडच्या लगेच खाली केबलचे चार-पाच वेढे घालावेत किंवा फेराइटच्या कड्या चढवाव्यात.

आता सत्तर सेंटीमीटर. साधा जे-पोल तिथे जुळतो, कारण पाव तरंगलांबीचा जुळणीचा भाग पाऊण होऊनही आपले काम करतो. प्रारक मात्र दीड तरंगलांबीचा होतो आणि शक्तीचा मोठा वाटा तिरप्या झोतांमध्ये विभागून वर-खाली जातो. यावरचा नेटका उपाय एडिसन फाँग यांनी 'क्यूएसटी' या हौशी रेडिओच्या मासिकाच्या फेब्रुवारी २००३ च्या अंकात मांडला आणि त्याची गुंडाळता येणारी आवृत्ती मार्च २००७ मध्ये दिली. वरच्या बँडच्या अर्ध्या तरंगलांबीइतका प्रारक झाल्यावर तिथे आरजी-१७४ या बारीक कोॲक्सचा एक तुकडा घालायचा, ज्याचे दुसरे टोक शॉर्ट केलेले असते. ४३५ मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबीचा हा तुकडा, म्हणजे कोॲक्समध्ये साधारण ११ सेंटीमीटर, उघड्या सर्किटासारखा वागतो आणि वरची तार विद्युतदृष्ट्या तोडून टाकतो. दोन मीटरवर तोच तुकडा छोट्या कॉइलसारखा दिसतो, त्यामुळे वरची तार थोडी आखूड करून भागते. दोन्ही बँडवर खरा अर्धतरंगी प्रारक मिळतो आणि झोत क्षितिजाकडे राहतो. या एका तुकड्यासाठी संध्याकाळ जास्त खर्च झाली तरी करावी. तो नसलेल्या जे-पोलला मी दुहेरी बँडचा अँटेना म्हणणार नाही.

जे-पोलला जो 'गेन' (एका दिशेला शक्ती एकवटण्याचे माप) चिकटवला जातो त्याबद्दल थोडे सांगायला हवे. अर्धतरंगी प्रारकाचा गेन डायपोलइतका, म्हणजे २.१५ डीबीआयच्या (सर्व दिशांना सारखी शक्ती सोडणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेतल्या डेसिबलच्या) जवळ असतो. ग्राउंड प्लेनपेक्षा तो किंचित सरस ठरतो, त्याहून अधिक नाही. प्रत्यक्षात जे-पोल चांगला वाटतो कारण तो डोक्यावर चार-पाच मीटर उंच टांगला जातो, आणि या बँडवर उंचीइतका स्वस्त गेन दुसरा नाही. उलट बाजूने, ओली पट्टी, भिंतीला टेकलेली पट्टी किंवा पीव्हीसी नळीत सरकवलेली पट्टी आपली रेझोनन्सची वारंवारता खाली नेते. नळीत ठेवायचा असेल तर नळीतच ट्यून करावा. दोरी फेकण्यापूर्वी आसपास विजेच्या तारा नाहीत याची खात्री करणे आणि गडगडाट ऐकू येताच अँटेना उतरवणे, हे दोन नियम मात्र कोणत्याही सवलतीशिवाय पाळायचे.

यागी या दोघांच्या पंक्तीतला नाही, त्याचे कामच वेगळे आहे. स्टीलच्या मेजरिंग टेपचे तुकडे पीव्हीसी नळीवर आवळून केलेला तीन एलिमेंटचा यागी दोन मीटरवर सुमारे ७ डीबीआय देतो, त्याचे एलिमेंट झाडीतून जाताना दुमडतात आणि सोडले की सरळ होतात. मागचा परावर्तक १०५ सेंटीमीटरच्या आसपास असतो. टेपच्या कडा हात कापतात, म्हणून टोके गोल करून वर चिकटपट्टी लावावी. आणि डाग देण्याआधी टेपवरचा रंग खरवडला नाही तर डाग धरतच नाही.

दुसरा बँड जोडताना पुन्हा तिसरे हार्मोनिक आडवे येते. मीटरभर लांबीचे एलिमेंट ४३५ वर दीड तरंगलांबीचे होतात आणि त्याच प्रतलात बसवलेल्या छोट्या एलिमेंटचा झोत बिघडवतात. म्हणून दोन्ही संच एकाच दांड्यावर परस्परांना काटकोनात बसवतात आणि दोन केबली वेगळ्या आणतात. संचाला एकच सॉकेट असेल तर मध्ये दोन बँड वेगळे करणारा डायप्लेक्सर घालावा लागतो. एवढा खटाटोप उपग्रहांसाठीच सार्थ ठरतो. एसओ-५० या हौशी रेडिओ उपग्रहाला १४५.८५० मेगाहर्ट्झवर बोलावे लागते आणि ४३६.७९५ वर ऐकावे लागते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा रिपीटर चालू असताना १४५.९९० आणि ४३७.८०० अशी जोडी वापरतो, आणि दोन्ही ठिकाणी बोलताना ६७ हर्ट्झचा टोन (रिपीटर उघडणारा सूर) लागतो. वरच्या बँडवर उपग्रहाच्या वेगातून होणाऱ्या डॉप्लर परिणामामुळे वारंवारता सुमारे दहा किलोहर्ट्झ इकडे-तिकडे सरकते आणि उपग्रह फिरत असल्याने ध्रुवीकरणही (लहरीची उभी-आडवी दिशा) बदलते. मनगट फिरवून ते जुळवण्याची सोय हातातल्या यागीतच आहे. फिरत्या चालकांचे रेडिओ-जाळे सांभाळणाऱ्याला, ज्याला चारही दिशांनी हाका येतात, यागी उलट अडचणीचा होतो.

तिन्ही रचनांना सारखा लागू असलेला आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा केबलचा आहे. आरजी-१७४ पिशवीत सुरेख मावते, पण ४३५ मेगाहर्ट्झवर तिचे पाच मीटर सुमारे तीन डेसिबल, म्हणजे अर्धी शक्ती खातात. आरजी-५८ त्याच लांबीत दोनच्या आसपास. दोन रचनांतला फरक अनेकदा एवढाच असतो. त्यात फसवी गोष्ट अशी की तोटा करणारी केबल परत येणारी शक्तीही गिळते आणि संचाकडच्या मीटरवर एसडब्ल्यूआर खोटाच सुधारलेला दिसतो. नॅनोव्हीएनए (अँटेना मोजण्याचे छोटे उपकरण) असेल तर कॅलिब्रेशन केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला करावे. जाड केबल थेट संचाच्या एसएमए सॉकेटवर लटकवू नये. मध्ये हातभर पातळ जोडकेबल ठेवली तर सॉकेट मोडण्यापासून वाचतो.

त्यामुळे जो पहिल्यांदाच हात घालतो आहे आणि ज्याच्याकडे एसडब्ल्यूआर मीटरखेरीज काही नाही, त्याने बदलत्या सळीचा ग्राउंड प्लेन करावा. ज्याच्या वाटेवर झाडे आहेत आणि पिशवीत जागा कमी आहे, त्याने कोॲक्सच्या तुकड्यासह जे-पोल करावा. यागी मागाहून, उपग्रह ऐकू येऊ लागल्यावर. काहीही बनवले तरी कसोटी सत्तर सेंटीमीटरवर घ्यावी: परवान्यातल्या वारंवारतेवरचा एक दूरचा रिपीटर निवडून, संचाची शक्ती सर्वांत कमी ठेवून, रबरी अँटेना आणि नवा अँटेना एकाच जागी, एकाच उंचीवर, दोन्ही उभ्या ध्रुवीकरणात, आळीपाळीने लावून पाहावा. नवा अँटेना त्या रिपीटरला उघडू शकला नाही आणि रबरी उघडू शकला, तर मीटरवरचा आकडा कितीही सुंदर असो, सळीची लांबी नव्हे तर झोत आणि केबल तपासायला घ्यावी.