युवा गटासाठी ‘द हंगर गेम्स’: पाव धरून वाचा

चर्चच्या युवा गटात कादंबरीवर चर्चा घ्यायची, तर सुझान कॉलिन्सची ‘द हंगर गेम्स’ (२००८) चांगली चालते. तिच्यातल्या देशात दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यातून सोडतीने मुलं निवडतात, आणि एकच उरेपर्यंत एकमेकांना मारायच्या खेळात उतरवतात. सोळा वर्षांची नायिका कॅटनिस त्यातलीच एक. मात्र ‘कॅटनिस म्हणजे ख्रिस्त’ असं समीकरण मांडू नका. ती माणसं मारते, हे मुलं दुसऱ्याच मिनिटाला दाखवून देतात आणि चर्चा तिथेच बसते. त्यापेक्षा पाव हा धागा धरा. देशाचं नाव पानेम, लॅटिनमध्ये ‘पाव’. रोमन कवी जुव्हेनालचा ‘पाव आणि खेळतमाशे’ हा टोमणा त्यामागे आहे, आणि लॅटिन प्रभूच्या प्रार्थनेतल्या ‘रोजच्या भाकरी’लाही हाच शब्द.

पहिल्या बैठकीला पहिलं प्रकरण आणि चिठ्ठ्यांसाठी एक डबा पुरतो. सोडतीत नाव जास्त वेळा टाकलं, की दर जादा चिठ्ठीमागे एका माणसाचं वर्षभराचं जेमतेम धान्य-तेल मिळतं, आणि चिठ्ठ्या वर्षागणिक साठत जातात. कॅटनिसच्या वर्षाला चार, पाच वर्षांत २०. तिचा मित्र गेल, त्याच्या घरात पाच तोंडं, म्हणून सक्तीची एक धरून वर्षाला सहा, सात वर्षांत ४२. कॅटनिसची बारा वर्षांची बहीण प्रिम, तिची एक. या ६३ चिठ्ठ्या मुलांकडूनच लिहून घ्या. गेलचं नाव लिहिता लिहिता हात दुखले, की ‘गरिबी म्हणजे काय’ हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी बैठक अठराव्या प्रकरणावर. कॅटनिसची खेळातली छोटी साथीदार रू मेल्यावर तिच्या अकराव्या जिल्ह्याने कॅटनिसला पाव पाठवला. त्या उपाशी लोकांना तो केवढ्याला पडला असेल, एवढंच विचारा. मग बायबलमधली, उरलेल्या मूठभर पिठातून संदेष्टा एलियाला भाकर देणारी सारफथची विधवा (१ राजे १७) वाचा. २०१२च्या चित्रपटात हा पाव नाही, त्या जागी दंगल आहे. त्यामुळे फक्त चित्रपट पाहिलेली मुलं इथे गोंधळतात. तेवढी पानं बैठकीतच मोठ्याने वाचून घ्या.

खरी अडचण शेवटच्या विषारी बेरींची: शेवटी उरलेले कॅटनिस आणि तिच्याच जिल्ह्याचा पीटा एकमेकांना मारण्याऐवजी त्या एकत्र खायला निघतात. त्याला ‘बलिदान’ म्हणून मोकळं होऊ नका. गटात कोणाच्या मनात काय चाललंय ते दिसत नसतं. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाचे २२८० ते २२८३ हे परिच्छेद आधी वाचून या. आत्महत्या चूक, पण तीव्र मानसिक त्रासात माणसाची जबाबदारी कमी होते, हे दोन्ही तिथे आहे. एखादं मूल गप्प झालं तर सगळ्यांसमोर खोदू नका. नंतर एकट्याशी बोला, आणि गरज वाटली तर घरच्यांना आणि समुपदेशकाला सांगा.

वय चौदाच्या पुढे, गट सहा ते आठ जणांचा, वेळ दीड तास. कॅटनिस, गेल आणि पीटाच्या प्रेमत्रिकोणाला दहा मिनिटं द्या, नाहीतर तो दीड तास खातो. पंचविसावं प्रकरण मोठ्याने वाचू नका, फार रक्त आहे. वसईत मुलं इंग्रजीत वाचतील आणि मराठीत भांडतील, भांडू द्या.

आणि बेकरीतून पाव आणलाच तर चर्चा संपल्यावर, चहाबरोबर द्या. मेणबत्ती लावून तो मोडून वाटू नका. मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या पवित्र भाकरीच्या विधीची, नक्कल होते, आणि फादरना ते बरोबर खटकतं.