आइसबर्ग: निफाडच्या पावसात आणि थंडीत पारखलेला पांढरा गुलाब

आइसबर्ग घ्यावा का, असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, लावणार कुठे? आमच्यासारखी कोरडी हवा, दिवसाला पाच-सहा तास ऊन आणि पाणी न साचणारी जागा असेल तर डोळे झाकून घ्या. कोकणात लावणार असाल तर मात्र पावसाळ्याबद्दल खाली लिहिलंय ते वाचून ठरवा.

आमचं घर निफाड तालुक्यात, द्राक्षबागेला लागून. अंगणात आइसबर्ग आहे, ग्लॅडिएटर आहे, डबल डिलाइट आहे, सासूबाईंचा जुना गावठी गुलाबही आहे. सगळ्यांना पाणी एकाच विहिरीचं, खत एकाच उकिरड्याचं. त्यामुळे कोण किती लाड मागतं ते इथे स्वच्छ दिसतं. आइसबर्ग सगळ्यांत कमी मागतो. वर्षातले बहुतेक महिने त्याच्यावर घोसच्या घोस फुलं असतात. बहर ओसरला की पाच-सहा आठवड्यांत दुसरा तयार.

गुलाबाचे नवे वाण तयार करणाऱ्या जर्मनीतल्या कोर्डेस घराण्याने हा वाण 1958 मध्ये आणला. 1983 मध्ये जागतिक गुलाब संघटनांच्या महासंघाने त्याला जगातल्या सर्वांत लाडक्या गुलाबांच्या यादीत घेतलं. फ्लोरिबंडा प्रकार, म्हणजे एका दांड्यावर एक मोठं फूल नाही, झुबका येतो. झाड तीन-चार फुटांचं, पानं फिकट हिरवी आणि चकचकीत. काटे इतर गुलाबांच्या मानाने फारच कमी, म्हणून लहान मुलांच्या घरातही लावता येतो.

बारमाही फुलण्यामागचं कारण समजून घेतलं तर निगा आपोआप कळते. युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलत. अठराव्या शतकाच्या शेवटी चिनी गुलाब तिकडे पोचले, त्यातले काही आपल्या कलकत्त्याहून गेले. फुलोरा रोखून धरणारं एक जनुक या चिनी गुलाबांत निकामी झालेलं असतं. रोखणारंच कोणी नाही, म्हणून नवा फुटवा वाढला की त्याच्या टोकाला कळी येतेच. आजच्या बारमाही गुलाबांत तोच गुण उतरलाय. तेव्हा फुलं हवी असतील तर नवे फुटवे हवेत. सुकलेला झुबका तसाच ठेवला तर फळं धरायला लागतात आणि जोर तिकडे जातो. झुबक्याखाली पाच पानांचं पहिलं निरोगी पान दिसेल, त्याच्या वर कात्री लावा, तीही बाहेरच्या बाजूला तोंड केलेल्या डोळ्यावर. मग मूठभर निंबोळी पेंड आणि शेणखत.

आता रोगांचं. नर्सरीच्या पाटीवर ‘रोगमुक्त’ लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. आइसबर्गलाही रोग येतो. आमच्याकडे दोन शत्रू, दोघांचे हंगाम वेगळे. पावसाळ्यात काळा ठिपका. या बुरशीला शिरकाव करायला पान साधारण सात तास ओलं राहावं लागतं आणि ती पसरते उडणाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांतून. निफाडला पावसात उघडीप मिळते, वारा सुटतो, पानं वाळतात, म्हणून खालची काही पानं पिवळी पडून गळण्यावर भागतं. जिथे पान आठवडाभर वाळत नाही तिथे हाच आइसबर्ग ऑगस्टमध्ये उघडाबोडका होऊ शकतो. जर्मनीत एडीआर नावाची गुलाबांची कडक परीक्षा असते. 1997 पासून त्यात रोगांवर औषध न मारता झाडं तीन वर्षं पारखतात. तिथे पास झालेले नवे वाण काळ्या ठिपक्याला आइसबर्गपेक्षा चांगले टिकतात, हे मान्यच. पण आपला चार महिन्यांचा पावसाळा त्या परीक्षेत नसतो.

दुसरा शत्रू भुरी, म्हणजे पानांवर पिठासारखी पांढरी पसरणारी बुरशी. ती हिवाळ्यात येते, कोरडे दिवस आणि गार, दमट रात्री मिळाल्या की. फ्रान्समध्ये द्राक्षाच्या ओळीच्या टोकाला गुलाब लावायची जुनी रीत आहे, भुरीची चाहूल आधी लागावी म्हणून. गुलाबाची भुरी आणि द्राक्षाची भुरी या वेगळ्या बुरशी, एकीची लागण दुसऱ्या झाडाला होत नाही. पण दोघींना मानवणारी हवा बरीचशी सारखी. आमचे भाऊजी डिसेंबरात सकाळी बागेत जाताना आधी माझ्या डबल डिलाइटची कोवळी पानं उलटून बघतात. “वहिनी, पीठ दिसायला लागलं,” म्हणाले की त्यांचा गंधकाचा पंप निघतो. शेजारच्याच आइसबर्गवर त्या दिवसांत फार तर एखाद्या शेंड्याला पांढरट छटा असते. तेवढा शेंडा खुडला की काम झालं. गंधक मारायचंच तर गार वेळी मारा, उन्हाच्या तडाख्यात पानं करपतात.

कटकट होते ती उन्हाळ्यात. मार्च-एप्रिलमध्ये फुलकिडे पाकळ्यांत शिरतात, आणि पांढऱ्या पाकळीची तपकिरी झालेली कड लांबूनही दिसते. लाल फुलावर हे झाकलं जातं, इथे नाही. लाल कोळी आला तर सकाळी पानांची मागची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. आणि वास? मंद, अगदी जवळ गेल्यावर येणारा. नाशिकचं एक जुनं नाव गुलशनाबाद. या जिल्ह्यात राहून वासाचा गुलाब नको असं मी कोणाला म्हणणार नाही. गुलकंदासाठी, वासासाठी सासूबाईंचा गावठी गुलाब आहेच. फुलदाणीतही आइसबर्गच्या पाकळ्या लवकर गळतात. पण सोमवारी महादेवाला वाहायला ओंजळभर पांढरी फुलं अंगणातच मिळतात, त्याचं मला फार अप्रूप आहे.

छाटणी द्राक्षाबरोबरच, ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर. फार खोल नको. एक तृतीयांश उंची उतरवा, वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. जाड कापावर बोर्डो पेस्ट लावा, नाहीतर फांदी वरून खाली वाळत जाते. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी हे बागेतलं प्रमाण. घरी त्याच हिशोबाने वाटीभर करा. सहा-सात आठवड्यांनी जो बहर येतो तो वर्षातला सर्वांत देखणा. थंडीने कळ्यांवर गुलाबी झाक चढते.

काळ्या जमिनीत लावताना खड्ड्यात मुरूम मिसळून वाफा उंच करा. पाणी मुळाशी, सकाळी, आणि जमीन वाफशावर, म्हणजे आधीची ओल मुरून माती मोकळी झाल्यावरच. कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा. जोडाच्या खालून येणारा फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या जंगली गुलाबाचा असतो, तो मुळापासून ओरबाडून काढा. ‘सात पानं म्हणजे जंगली’ यावर विसंबू नका, चांगल्या गुलाबालाही सात पानं येतात. फुटवा कुठून निघालाय तेच बघा.

खरेदीला सगळे डिसेंबरात जातात, झाड फुलांनी लदलेलं असताना. मी म्हणेन, ऑगस्टच्या शेवटी जा. तेव्हा ज्याची खालची पानं शाबूत आहेत, जोड टणक आहे, तळातून दोन-तीन जाड फांद्या निघाल्यात, तेच उचला. फूल नसलं तरी चालेल. एका नर्सरीने मला आइसबर्ग सांगून भलताच पांढरा वाण दिला होता. काट्यांनी भरलेल्या दांड्यांवरून तो ओळखता आला.

जागा असेल तर याचा वेलासारखा चढणारा प्रकारही घ्या, फाटकाच्या कमानीवर सुरेख दिसतो. पहिली दोन वर्षं त्याची कडक छाटणी करू नका, वेल पुन्हा झुडपावर येऊ शकतो. लांब फांद्या सरळ वर न सोडता तारेवर आडव्या बांधा. आडव्या फांदीच्या डोळ्या-डोळ्यातून फुटवा निघतो आणि कमान टोकापासून बुडापर्यंत फुलते.