पेपर शोधायला गूगल स्कॉलर की पबमेड? पीएचडीच्या पहिल्या वर्षात असाल तर वाचा

लाइफ सायन्सेस किंवा मेडिकलमध्ये नुकतीच पीएचडी सुरू केलेल्या बहुतेकांची पद्धत एकच असते, टॉपिक स्कॉलरमध्ये टाकायचा, पहिल्या पानावरचं जे उघडतंय ते उघडायचं आणि पीडीएफ मिळाली की सेव्ह. सुरुवातीला ठीक आहे. पण रिव्ह्यू लिहायला बसलात आणि गाइडने विचारलं की हेच पेपर का घेतले, बाकीचे का नाही, की स्कॉलरच्या भरवशावर उत्तर देता येत नाही.

कारण स्कॉलरमध्ये कुठला रिझल्ट वर का आला हे धड कळतच नाही. जास्त सायटेशनवाले जुने पेपर वर येतात, गेल्या वर्षीचा चांगला पेपर खाली राहतो, आणि हजाराच्या पुढचे रिझल्ट तर दिसतच नाहीत. सुमार जर्नल आणि चांगलं जर्नल एकाच रांगेत, निवड तुम्हीच करायची.

पबमेडचं, म्हणजे मेडिकल आणि लाइफ सायन्सेसच्या पेपरांच्या डेटाबेसचं, तसं नाही. १९९६ पासून चालू आहे, फुकट आहे आणि त्याची खरी ताकद म्हणजे मेश टर्म्स, म्हणजे पेपरना विषयानुसार लावलेले ठरावीक शब्द. तुम्ही साधं हार्ट अटॅक टाईप केलं तरी ते मायोकार्डियल इन्फार्क्शनवाले पेपर पण शोधतं, आणि सर्च नेमका कसा झाला ते अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन बघता येतं, तीच ओळ कॉपी करून थीसिसमध्ये मेथड म्हणून देता येते. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (ठरलेल्या पद्धतीने सगळे पेपर शोधून केलेला आढावा) करणार असाल तर दुसरा विचारच करू नका, सुरुवात इथूनच.

मग स्कॉलर कधी? पबमेड फक्त टायटल, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, कीवर्ड असलं शोधतं, पूर्ण पेपरच्या आत शिरत नाही. त्यामुळे एखादा बफर कुणी वापरलाय का, अमुक सेल लाइनवर तमुक डोस कुणी दिलाय का, असलं मेथड्समध्ये लपलेलं काही हवं असेल तर स्कॉलरच. आणि त्यातलं सायटेड बाय हे तर मला सगळ्यात जास्त आवडतं, एक महत्त्वाचा पेपर धरायचा, तो कुणी कुणी वापरला ती यादी उघडायची आणि त्या यादीच्या आतच परत सर्च मारायचा. शेतकी किंवा इंजिनिअरिंगवाल्यांना पण स्कॉलरच बरं, त्यांचं बरंचसं साहित्य पबमेडमध्ये नसतंच.

काहीही निवडा, पण पेपर साठवायला पहिल्याच आठवड्यात झोटेरो टाका. त्याच कामाच्या मेंडेली या सॉफ्टवेअरमध्ये फुकट जागा २ जीबी मिळते, झोटेरोत फक्त ३०० एमबी, तरी मी झोटेरोच सांगेन कारण ते ओपन सोर्स आहे आणि तुमच्याकडचा एखादा पेपर मागे घेतला गेला असेल तर तसा इशारा देतं, जो थीसिस सबमिट करायच्या आधी कळणं फार गरजेचं आहे.

आता पूर्ण पेपर मिळण्याचं बघा. सरकारी विद्यापीठात असाल तर जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेतून ३० पब्लिशर्सची सुमारे १३,००० जर्नल्स मिळतात, घरून लॉगिन कसं करायचं ते लायब्ररीत विचारा. पहिल्या टप्प्यात खाजगी कॉलेजं यात नाहीत, आणि त्या मुलांचं नुकसान होतंय हे स्पष्ट बोलायला हवं. त्यांनी पबमेडमध्ये फ्री फुल टेक्स्टचा फिल्टर लावावा, ब्राउझरला अनपेवॉल (पेपरची फुकट, कायदेशीर कॉपी शोधून देणारं एक्स्टेन्शन) जोडावं, आणि तरी नाही मिळालं तर ऑथरला सरळ दोन ओळींची मेल टाकावी, बरेचजण पाठवतात.