मनातली आग भाजत का नाही? ज्ञानाच्या तीन उपपत्ती शेजारी-शेजारी

आगीचा विचार केला म्हणून डोकं भाजत नाही. मग त्या विचाराला आगीचं ज्ञान का म्हणायचं? इस्लामी तत्त्वज्ञानात हा वाद 'वुजूद-ए-जेहनी', म्हणजे मनातलं अस्तित्व, या नावाने चालतो. कोणती बाजू धरायची हे ठरवताना प्रत्येकीला दोन प्रश्न विचारा: नसलेल्या वस्तूचं ज्ञान कसं होतं? मनातलं बाहेरच्याशी जुळतं ते कशाच्या बळावर?

संबंधाची (इजाफा) उपपत्ती फख्रुद्दीन राझी (मृत्यू १२१०) यांच्या नावाशी जोडतात. ज्ञान म्हणजे जाणणारा आणि वस्तू यांच्यातलं नातं. पण 'अन्का' हा काल्पनिक पक्षी बाहेर कुठेच नाही, तरी त्याच्याविषयी आपण खरी विधानं करतो. नात्याचं दुसरं टोक कुठे? पहिल्याच प्रश्नावर गाडी अडते.

प्रतिमेची (शबह) उपपत्ती नवख्याला लगेच पटते: मनात वस्तूची फक्त छबी येते. अन्का सुटतो, भाजणंही टळतं. पण भिंतीवर काढलेला घोडा ओळखू येतो तो खरा घोडा आधी माहीत असतो म्हणून. सगळंच ज्ञान छबी असेल, तर ताडून पाहायला मूळ आणायचं कुठून?

इब्न सीनाच्या (९८०–१०३७) परंपरेत वस्तूचं स्वरूप (माहियत) दोन्हीकडे तेच. फक्त अस्तित्व वेगळं. भाजणं बाहेरच्या अस्तित्वाचं काम, म्हणून मन भाजत नाही. दोन्ही प्रश्न सुटतात, पण नवा गुंता होतो. माणूस हे द्रव्य (जौहर), म्हणजे स्वतःच्या बळावर असणारी गोष्ट; तर ज्ञान हा मनाचा गुण (कैफ), म्हणजे दुसऱ्याच्या आधाराने असणारी. मग मनातला माणूस द्रव्य की गुण? कुश्जी (मृत्यू १४७४) यांनी मनात ज्ञान आणि ज्ञेय अशा दोन गोष्टी मानल्या. शीराझचे दश्तकी म्हणाले, मनात येताना स्वरूपच गुणात पालटतं. पहिल्यात एकाच्या दोन वस्तू होतात, दुसऱ्यात स्वरूप तेच राहत नाही.

इराणी तत्त्वज्ञ मुल्ला सद्रा यांनी सतराव्या शतकात 'आहे' या शब्दाचेच दोन अर्थ वेगळे केले. अर्थाने तेच असणं (हम्ल-ए-अव्वली) एक, त्याचं उदाहरण असणं (हम्ल-ए-शाए) दुसरं. 'विशिष्ट' (एकालाच लागू पडणारं) हीच संकल्पना घ्या: अर्थाने विशिष्ट, पण अनेकांना लागू पडते म्हणून प्रत्यक्षात सामान्य. तसाच मनातला माणूस अर्थाने द्रव्य, उदाहरण म्हणून गुण. विरोध दिसला की आधी विचारा, दोन्ही 'आहे' एकाच अर्थाचे आहेत का?

आमचा कौल याच बाजूला. आक्षेप मात्र वजनदार आहे: फक्त अर्थच उरला, तर हीसुद्धा छबीच नव्हे का? नाही, छबीत अर्थही तोच असेल याची हमी नसते. ही हमी संकल्पनेपुरतीच आहे. 'चुलीतली आग विझली' हे विधान खरं की खोटं, ते तपासायला 'नफ्स-अल-अम्र', म्हणजे गोष्टी मुळात जशा आहेत ती वस्तुस्थिती, हे वेगळं प्रकरण उघडावं लागतं.