गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी घरात लागणारं सामान भाड्याने घेतलं, त्याचा रिव्ह्यू (सदाशिव पेठ)

दुकानाचं नाव देणार नाहीये हे आधीच सांगते. खाली तक्रारी पण लिहिल्यात आणि आईचा दुसरा गुडघा अजून बाकी आहे, म्हणजे त्या काकांच्या दारात मला परत उभं राहायचंय. सदाशिव पेठेत औषधांच्या होलसेल दुकानांच्या गर्दीत हॉस्पिटलचं सामान विकणारे आणि भाड्याने देणारे आहेत ना, त्यातलंच एक. बाहेर वॉकर आणि व्हीलचेअर साखळीने बांधलेल्या, आत जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. दुपारी बंद, त्याबद्दल पुण्यात कोणी काही विचारत नसतं.

आईचा उजवा गुडघा बदलायचा ठरला तेव्हा हॉस्पिटलने एक कागद हातात दिला, त्यात घराच्या तयारीच्या नावाखाली चार ओळी, वॉकर आणा, उंच टॉयलेट सीट बसवा, हात असलेली खुर्ची ठेवा, पायपुसणी काढा. संपलं. म्हणजे बघा, २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली, त्यामुळे सांध्याचे किती पैसे लागणार ते विचारलं की निदान एक आकडा तरी मिळतो, पण घरी आल्यावर पेशंट संडासात कसा बसणार याचा हिशोब कोणाकडेच नसतो. तो आपला आपण करायचा. माझ्यासाठी तो या दुकानातल्या काकांनी केला, म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू.

मी गेले ते लिस्ट घेऊन. हॉस्पिटलचा बेड, वॉकर, कमोड रेझर (कमोडची सीट उंच करणारी कडी), बाथरूमचं स्टूल आणि एका नातेवाइकांनी छातीठोकपणे सांगितलेलं ते पाय आपोआप वाकवणारं सीपीएम मशीन. काकांनी लिस्ट वाचली, चष्मा वर केला आणि म्हणाले, ताई, बाथरूमचं दार किती इंच आहे? मी गप्प. कमोडच्या मागे फ्लशची टाकी भिंतीतली आहे की बाहेरची? पलंग जमिनीपासून किती उंच? आईंची उंची? मग म्हणाले घरी जा, हे सगळं मोजून आणा, सामान कुठे पळून जात नाही. बाजूला एक गृहस्थ व्हीलचेअर घ्यायला आलेले, त्यांना पण हेच ऐकवलं. मला आधी रागच आला, कारण तिथे पार्किंग मिळवायचं म्हणजे काय ते ज्याने मिळवलंय त्यालाच माहीत. पण घरी येऊन टेप लावली तर आईच्या बाथरूमचं दार चौकटीच्या आतून २३ इंच भरलं. साधे घडीचे वॉकर साधारण तेवढेच रुंद असतात, काही तर जास्तच. म्हणजे वॉकर दारातच अडकला असता आणि आईने आडवा करून, एक हात सोडून आत जायचा प्रयत्न केला असता, आणि पडणं असंच तर होतं. काकांनी अरुंद फ्रेमचा वॉकर काढून दिला. उंचीसाठी पण सांगितलं की आईंना रोजची चप्पल घालून सरळ उभं करा, हात खाली सोडायला लावा, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजा, हँडल तिथे आलं पाहिजे. मग धरल्यावर कोपर थोडंसं वाकतं आणि खांदे वर चढत नाहीत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू त्यांच्या मिस्टरांचा वॉकर वापरतात तो जवळजवळ छातीपर्यंत येतो, आता बघवत नाही.

बेड त्यांनी दिलाच नाही. म्हणजे दुकानदार स्वतःच म्हणतोय की नको घेऊ, महिन्याचं भाडं बुडवून. म्हणाले एका गुडघ्याला फाउलर बेड (डोक्याकडून-पायाकडून वर होणारा हॉस्पिटलचा बेड) कशाला, पेशंट दुसऱ्या दिवशी चालायला लागतो, त्या बेडवर पडून राहायची सवय लागेल. तुमचा दिवाण बसका आहे तर त्यावर अजून एक कडक गादी टाका, बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर यायला नकोत एवढंच बघा. ते आम्ही केलं, कापसाची एक जाड गादी खाली घालून दिवाण वीस इंचाच्या आसपास आणला आणि आई स्वतःची स्वतः उठते. सीपीएम मशीनबद्दल म्हणाले सर्जनने लिहून दिलं असेल तरच देतो. सर्जनला विचारलं तर त्यांनी पण नको सांगितलं, स्वतः केलेल्या व्यायामापेक्षा त्याने फार काही जास्त होत नाही म्हणे. नातेवाईक अजून नाराज आहेत.

आता मुख्य वस्तू, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. कमोड रेझर म्हणजे ती सीटवर बसवायची प्लास्टिकची चार किंवा सहा इंची जाड कडी. ऑनलाइन हजार-दोन हजारात मिळते आणि सगळे तीच घेतात. काका म्हणाले ती घेऊ नका, नुसती उंची मिळते, धरायला काही नाही. त्याऐवजी घडीची कमोड चेअर घ्या, खालचं भांडं काढून टाका आणि अख्खी खुर्ची तुमच्या कमोडवर उभी करा. पायांना बटणं असतात ती दाबून उंची वरखाली होते, दोन्ही बाजूला हात, आणि रात्री भांडं परत लावलं की पलंगाशेजारी वापरता येते. एका वस्तूत तीन कामं. टाकीचा प्रश्न त्यांनी का विचारला ते इथे कळलं, कारण खुर्चीची मागची आडवी दांडी बाहेरच्या टाकीला टेकते आणि मग खुर्ची पुढे सरकते, बसायची जागा आणि भांड्याची जागा जुळत नाही. आमच्याकडे टाकी बाहेरचीच. त्यांनी मागची दांडी वर असलेलं मॉडेल दिलं, ते बसलं. जेट स्प्रे मात्र आईच्या मागच्या बाजूला होता, हात मागे वळवून तो काढताना तोल जायची भीती, तो प्लंबरकडून पुढच्या भिंतीवर घेतला. हे काकांनी पण सांगितलं नव्हतं, हे आईने पहिल्याच दिवशी ओरडून सांगितलं.

माझं मत, वॉकर एखाद्या महिन्यापुरता हवा असेल तर भाड्याने घ्या, पण कमोड चेअर विकत घ्या. भाड्याची स्वच्छ केलेली असते असं ते म्हणतात, असेलही, पण टाक्यांची जखम असलेल्या माणसाला मी दुसऱ्याची वापरलेली देणार नाही. आणि माझी पहिली तक्रार इथेच आहे. खुर्ची नवीन घेतली तरी एका पायाचं बटण नीट बाहेर येत नव्हतं, स्प्रिंग आत अडकलेली, वरून बघितलं तर लागल्यासारखं वाटतं आणि वजन टाकलं की तो पाय एक भोक खाली घसरतो. पेशंट बसायच्या आधी मी स्वतः बसून हलून बघितलं म्हणून कळलं. फोन केला तर बदलून दिली, पण मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवतो म्हणाले आणि तो आला दिवेलागणीला. भाड्याच्या वॉकरचं पण तसंच, चार पायांपैकी दोन रबरी बुचं पार गुळगुळीत झालेली. हे बुच म्हणजे वॉकरचा जीव असतो, ओल्या फरशीवर तेच धरून ठेवतं. बदलून मागितलं तर काउंटरवरच्या मुलाने कपाळाला आठ्या घातल्या. काका नसताना जाऊ नका, एवढंच सांगते.

बाथरूमचं स्टूल ठीकठाक, खाली रबर आणि बसायच्या जागी भोकं असलेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दुकानात ते व्हॅक्यूमने भिंतीला चिकटणारं हँडल पण टांगलेलं होतं, भिंतीवर ठोकाठोकी नको म्हणून घेतात लोक. काकांना विचारलं तर म्हणाले हे मी विकतो पण तुम्हाला देत नाही. जुन्या टाइल्स खडबडीत, त्यावर ते धरत नाही आणि सुटतं कधी तर नेमकं भार टाकल्यावर. मग बोहरी आळीतून स्टीलचा दांडा आणला आणि प्लंबरकडून ड्रिल करून पक्का बसवला, एक कमोडच्या बाजूला आणि एक आंघोळीच्या जागी. भिंत अर्ध्या विटेची असेल तर कुठे भोक पाडायचं ते माणूस अनुभवी बघून घ्या, आमच्याकडे एक टाइल तडकली.

बाकी घरातली तयारी दुकानाच्या रिव्ह्यूत बसत नाही, पण आलंच आहे तर लिहिते. आई रोज देवासमोर पाटावर बसून पूजा करणार, त्यावर घरात शिखर परिषद झाली. जमिनीवर बसणं बंद हे सर्जनने तोंडावर सांगितलं होतं तरी "पाच मिनिटं बसले तर काय होतंय" चालूच. शेवटी देव्हारा भिंतीवरून काढून साइडबोर्डवर आणला आणि समोर हाताची खुर्ची. ओट्याखालच्या ड्रॉवरमधले रोजचे डबे वर आले. मावशींना सांगितलं की फरशी आई पलंगावर असतानाच पुसायची आणि वाळेपर्यंत बादली वाटेत ठेवायची नाही. पायपुसणी सगळी गोळा करून माळ्यावर टाकली, मोबाइल चार्जरची वायर पलंगाच्या दुसऱ्या बाजूला. वॉकरला पुढे एक कापडी पिशवी अडकवली, मोबाइल, चष्मा, पाण्याची छोटी बाटली, कारण दोन्ही हात वॉकरवर असताना चहाचा कप न्यायचा कसा हा प्रश्न कोणालाच आधी सुचत नाही. पिशवीत जड काही नको, वॉकर पुढे कलंडतो.

उशीचं एक सांगते. गुडघा दुखला की सगळ्यांना वाटतं खाली उशी घालावी, आणि बरं पण वाटतं. आमच्या फिजिओ बाई घरी आल्या आणि पहिली ती उशी ओढून काढली. गुडघा वाकलेला राहिला तर नंतर पूर्ण सरळ होत नाही, उशी घालायचीच तर टाचेखाली घाला. जेल पॅक दुकानातूनच दोन घेतले, एक फ्रीझरमध्ये एक पायावर, मधे पंचा, पंधरा-वीस मिनिटं. ते छान आहेत, गोठूनही कडक होत नाहीत. जिन्याचं पण फिजिओंनीच शिकवलं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, वॉकर जिन्यावर नाहीच, एका हाताला कठडा एका हाताला काठी. आमच्या जिन्याला एका बाजूनेच कठडा आहे, तो उतरताना चुकीच्या हाताला येतो. सोसायटीला अर्ज दिलाय, मीटिंगमध्ये "विषय घेतला जाईल" असं उत्तर आलंय.

आमच्या शेजारच्या काकांचं खुब्याचं झालं होतं, त्यांना कमोडची उंची याहून जास्त महत्त्वाची, कारण त्यांच्या ऑपरेशनमध्ये खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही आणि पायावर पाय टाकायचा नाही असं सुरुवातीला बजावलेलं. तेव्हा माझी मापं जशीच्या तशी उचलू नका, तुमच्या सर्जनला विचारा.

पैशांचं. डिपॉझिट रोख घेतात, पावती गुलाबी कागदावर, आणि भिंतीवर पाटी आहे, "पावती नसल्यास डिपॉझिट मागून स्वतःचा व आमचा वेळ घालवू नये." फोटो काढून ठेवा. वॉकरचं भाडं महिन्यावर धरतात, एक दिवस वर गेला तरी पूर्ण महिना, यावर मी वाद घातला आणि हरले. डिपॉझिट मात्र एक रुपया न कापता परत दिलं. यूपीआय चालतं पण "मशीन आज बंद आहे" हे पण चालतं.

पाचातले साडेतीन देते. अर्धा डिलिव्हरीचा कापला, एक त्या मुलाचा. दुसऱ्या गुडघ्याच्या वेळी वॉकर विकतच घेणार आहे, दोन-तीन महिन्यांच्या भाड्यात आणि डिपॉझिटच्या कटकटीत नवीन येतो, बुचं पण नवीन असतात. सामान बघायला सकाळी अकराच्या सुमारास जा, काका तेव्हा असतात. आणि बाथरूमच्या दाराचं माप चौकटीच्या आतून घ्या, दार पूर्ण उघडं ठेवून, बिजागरीच्या बाजूला दाराची जाडी पण जागा खाते.