नोळियाच्या केसांचे सहा ब्रश

लाज वाटत होती म्हणून आठ महिने हे कोणाला सांगितले नाही. पण गेल्या रविवारी आमच्या चित्रे काढणाऱ्या मंडळींपैकी एकाच्या हातात तशीच निळी डबी दिसली, आणि म्हटले, आता बोलायलाच हवे.

मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. निवृत्तीनंतर ॲक्रिलिक रंगवायला लागलो. एका प्रदर्शनाबाहेर हा माणूस भेटला. दुकान नाही, खांद्याला कापडी पिशवी. आधी साधे ब्रश दाखवले, मग इकडेतिकडे बघत निळी डबी काढली. ‘‘साहेब, असल नोळियो छे.’’ नोळियो म्हणजे मुंगूस. केसांना पट्टेही तसेच होते: टोक काळपट, मध्ये पांढरट, खाली पुन्हा गडद. टोक तर सुईसारखे. सहा ब्रशांचे 2,400 रुपये. ‘‘बिल नहि मळे. अने कोईने कहेता नहि.’’

मुंगसाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याच्या केसांच्या ब्रशचा व्यापार गुन्हा आहे, हे मला ठाऊक होते. तरी घेतले. खरे सांगायचे तर ‘कोणाला सांगू नका’ ऐकून मोह वाढलाच.

घरी पहिल्यांदा पाण्यात बुडवला तेव्हा पाणी तपकिरी झाले. वाटले, कारखान्यातली धूळ असेल. (आपण घेतलेल्या वस्तूची बाजू आपणच किती मांडतो!) पाचव्या मिनिटाला सुईसारखे टोक गेले आणि ब्रश केरसुणीसारखा फिसकारला. दोन केस ओल्या आकाशात चिकटून बसले. मे महिन्याची दुपार, पारा चाळिशीपलीकडे, रंग बघता बघता वाळतो. ते केस काढायला गेलो तर खालचा थरच उचकटला.

भाचा फाइन आर्ट्सला शिकलेला. त्याने एक केस उपटला आणि काडी पेटवून जवळ नेला. केस आक्रसून टोकाला गोळी झाली, वास प्लास्टिकचा. ‘‘मामा, खरा केस असता तर जळक्या केसाचा वास आला असता आणि चुरगळून राख झाली असती. हा नायलॉन आहे, पट्टे रंगवलेले. टोक होते ते डिंकाचे.’’ नव्या ब्रशचा आकार टिकावा म्हणून चांगल्या कंपन्याही डिंक लावतात. म्हणूनच दुकानात डिंक धुऊन, पाण्यात भिजवून, झटकून टोक पुन्हा जुळते का ते बघायचे असते. आणि केस हलके ओढून बघायचे. मी दोन्ही केले नाही, कारण रस्त्यात लपूनछपून घेताना पाणी मागायचे कोणाकडे?

पुढचे वाक्य जास्त लागले. ‘‘आणि ॲक्रिलिकला तुला नायलॉनच हवा होता. खरे केस या रंगाने लवकर खराब होतात. बरा सिंथेटिक ब्रश दीडशेला मिळाला असता.’’

रंगाचे असे आहे की वाळला की त्याचे प्लास्टिक होते, मग पाण्याने सुटत नाही. म्हणून भाच्याने सवय लावली: आधी ब्रश ओला करायचा, रंग केसांच्या अर्ध्यापर्यंतच घ्यायचा, पत्र्याच्या नळीपर्यंत चढू द्यायचा नाही. तिथे वाळला की केस मुळापासून फाकतात. काम चालू असताना ब्रश पाण्यात ठेवायचा, पण डब्यात टोकावर उभा करून नाही, ताटलीत आडवा. शेवटी साबण आणि कोमट पाणी, बोटांनी टोक जुळवून आडवा वाळवायचा.

तक्रार? तिथेच त्याची खुबी आहे. पोलिसांत जाऊन काय सांगू, मुंगसाचे म्हणून घेतले आणि ते मुंगसाचे निघाले नाहीत? ‘बिल नहि मळे’ हे त्याने भीतीने म्हटले नव्हते. माझे तोंड बंद करायला म्हटले होते. भाच्याने ऐकले नाही. ‘‘मामा, तू आता तरी वनखात्याला कळव. खोटे असले तरी तो मुंगूस म्हणून विकतोय, आणि उद्या खरेही विकेल.’’

सोमवारी गेलो. अधिकाऱ्याने निळी डबी उघडून माझ्याकडे बघितले आणि विचारले, ‘‘किती दिलेत?’’ मी 1,200 सांगितले.